काट्याकडे पाठ

सोमवार, ४ मार्च, सकाळी ९ वाजून १० मिनिटे, सहावी खेप. पकड मोजण्याचे यंत्र कोपर दुखणाऱ्या फिटरच्या हाती देत फिजिओथेरपिस्टबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “दुखू लागलं की थांबायचं.” मागील पाचही खेपांना त्याने काट्यावर नजर ठेवून तो अडतीस किलोंवर नेला होता. त्यावरून व्यायामाचे वजन ठरत होते आणि कोपराचे दुखणे वाढतच होते.

“घरी हे बरणीचं झाकण उघडायलाही माझ्याकडे देतात,” सोबत आलेली त्याची बायको म्हणाली. “इथे मात्र पैलवान.”

“लोखंडात आयुष्य गेलंय माझं,” फिटर म्हणाला.

बाईंनी यंत्र फिरवून काटा बायकोकडे केला. “आकडा या वाचतील. तुम्ही फक्त कोपराचं ऐका.”

त्याने मूठ आवळली आणि लगेच सोडली. बाईंनी जुने पाचही आकडे खोडून पहिली नोंद केली: नऊ किलो.