चार नंबरचं टेबल

"एवढं एक वाक्य खोडू द्या, अक्का. पुस्तक दुपारी छापायला जातंय."

"का म्हणून खोडायचं? खरं आहे की ते!"

अक्कांनी कागद विद्यार्थिनीच्या हातून ओढूनच घेतला. विद्यार्थिनी म्हणायची एवढंच. तिचेही केस आता पांढरे झाले होते. अक्कांच्या धाकट्या भावाच्या हाताखाली तिची उमर गेली होती. भावाला जाऊन तीन आठवडे झाले होते. यंत्राला माणसाचं हस्ताक्षर वाचायला शिकवणाऱ्या पहिल्या चार-दोन जणांत त्याचं नाव घेतलं जाई. त्याची संस्था त्याच्यावर स्मृतिग्रंथ काढत होती. त्यातलं हे वाक्य अक्कांनीच हट्टानं लिहवून घेतलं होतं: 'गिचमिड पत्ते मात्र त्यांच्या यंत्राला अखेरपर्यंत वाचता आले नाहीत, त्यासाठी त्यांच्या थोरल्या बहिणीलाच बसावं लागे.'

अक्का टपाल कार्यालयात होत्या. कुणालाच न लागणारी अक्षरं लावायला तिथे बत्तीस जणी बसत. भाऊ वर्षभर अक्कांच्या शेजारी स्टूल टाकून बसला, तो हे शिकायलाच. "अक्षराकडे बघू नकोस रे, लिहिणाऱ्याचा हात कुठून कुठे गेला ते बघ," असं त्या सांगत. त्या एका वाक्यावर त्यानं यंत्र उभं केलं. यंत्र आलं आणि एकतीस जणी घरी बसल्या. राहिलं ते फक्त चार नंबरचं टेबल. जिथे यंत्र अडे, ते पाकीट अक्कांपुढे येई. त्या वाचत, पत्ता टाइप करत, छापील पट्टी निघे ती पाकिटावर चिकटवत.

मग काय विचारता! घरात चार माणसं जमली की अक्का सुरू. "एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण माझ्यावाचून ह्याचं घोडं पेंड खातंच!" तो हसून म्हणे, "अक्का, तुझ्यापुढे हात टेकले." सगळे हसत. पुढे पुढे बाहेरचे विद्वानही हसू लागले. कुठलंही अक्षर वाचणारं पहिलं यंत्र म्हणून मान मिळाला तो दुसऱ्याच संस्थेला.

"काल प्रदर्शनासाठी जुनं यंत्र सुरू केलं," विद्यार्थिनी म्हणाली. "सगळं वाचतंय ते, अक्का. कसलंही अक्षर द्या. पण आत सरांनी एक हुकूम लिहून ठेवलाय. पत्ता गिचमिड असेल, तर वाचता आला तरी चार नंबरला पाठव."

"कधीचा हुकूम?"

"यंत्र बसवल्यावर दीड वर्षानं लिहिलेला. त्या दुसऱ्या संस्थेच्या सहा वर्षं आधीचा. पहिला मान सरांचा होता."

त्याच सुमाराला आपलंही टेबल उठणार अशी कुणकुण कानावर आली होती, हे अक्कांना आठवलं. मग त्या एकदम उसळल्या. "मग एकवीस वर्षं मी तिथे काय शेंगा सोलत होते?"

"नाही हो. तुम्ही वाचतच होता. हे बघा ना."

तिनं यंत्रातून निघालेली यादी पुढे ठेवली. एका रकान्यात यंत्रानं वाचलेला पत्ता, शेजारी अक्कांनी वाचलेला. अक्का ओळीवर बोट ठेवून बघू लागल्या. पत्त्याला पत्ता जुळत होता. पानामागून पानं जुळत होती. त्यांचा चेहरा जरा निवळला.

"बघ! काही कमी नव्हते मी."

"कुणी म्हटलं कमी होता म्हणून? द्या ती यादी. शेवटची पानं राहू देत."

तिनं पानावर हात ठेवला होता. अक्कांनी तो उचलून बाजूला केला.

शेवटच्या तीन वर्षांचे रकाने जुळत नव्हते. आधी पानात एखादा, मग पाच-सहा, मग निम्मे. जिथे जुळत नव्हते तिथे तिसऱ्या रकान्यात 'वर नवी पट्टी लावली' अशी नोंद होती, आणि पुढे भावाच्या नावाचं पहिलं अक्षर.

त्या तीन वर्षांत डोळ्यांपुढे धुकं असायचं. अक्कांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर खुर्ची गेली असती, आणि खुर्चीखेरीज त्यांना होतं कोण? त्या अंदाजानं वाचत. इतक्या वर्षांचा सराव, अंदाज चुकतो कशाला, अशी स्वतःची समजूत घालत. निरोपाच्या दिवशी तर साहेबांनी सांगितलंच होतं की, अक्कांच्या टेबलावरून गेलेलं एकही पाकीट तीन वर्षांत परत आलं नाही. केवढ्या टाळ्या पडल्या! भाऊ शेवटच्या रांगेत उभा राहून सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवत होता.

"तो संध्याकाळचा यायचा..." अक्कांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"टपालाची पिशवी सुटायच्या आधी पोचायचे. रोज. मी विचारलं तर म्हणायचे, यंत्राला तेल पाजून येतो." तिनं यादीची घडी घातली. "अक्का, हे कुठेही छापायचं नाही. सरांनी पोटात घातलं, मीही घालीन. तुम्ही म्हणाल तर ते वाक्यसुद्धा तसंच राहू देते."

"पेन दे."

अक्कांनी ते वाक्य खोडलं. अगदी सावकाश, एकेक शब्द करत खोडलं. मग समासात, कुणालाही लागेल अशा सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'त्यांच्या यंत्राला सगळं वाचता येत होतं. शेवटची तीन वर्षं त्यांच्या बहिणीला येत नव्हतं.'