तीस मीटर वायर

"वायर नको, बाबा," लेक तिसऱ्यांदा म्हणाली. "घरात आणखी एक वायर पायात येणार असेल, तर मी आईला माझ्याकडे घेऊन जाईन. आत्ताच सांगून ठेवते."

सेल्समन दोन स्पीकरच्या मधोमध उभा होता. डावीकडे बिनवायरचा, उजवीकडे वायरचा. असे खटले त्याने बरेच पाहिले होते. तो नुसता हसला.

लेकीचं म्हणणं वावगं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी आई पॅसेजमध्ये पडली होती. इस्त्रीची वायर पायात आली, असं आई आणि बाबा दोघांनीही सांगितलं होतं, तेही अगदी एकाच शब्दांत. मनगटाचं प्लास्टर निघालं, पण लेकीच्या डोक्यातून वायर निघाली नव्हती. तिने आपल्याकडची मागची खोली रिकामी करून ठेवली होती. त्या खोलीत एकच पलंग मावत होता. बाबांचं काय, यावर "बघू" एवढंच उत्तर होतं.

बाबांनी चौतीस वर्षं नाटकाच्या थिएटरात दिवे सांभाळले होते. त्यांनी आपली बाजू शांतपणे मांडली. बिनवायरच्या स्पीकरला मोबाइल लागतो. फोन आला की गाणं बंद पडतं. वायर एकदा ओढली की जन्माची काळजी मिटते. सेल्समनने अदबीने सांगून पाहिलं की हल्ली तसं राहिलेलं नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. ती हो म्हणून नव्हती.

"बाबा, हल्ली पोरंसुद्धा घराला बांधलेली नसतात," जावई म्हणाला. "स्पीकरला कशाला बांधता?"

"म्हणून तर पोरं रविवारीच दिसतात," बाबा म्हणाले.

बाबांनी पुढे केलेल्या खुर्चीत आई बसून होती. तिने दोन्ही स्पीकर लावून घेतले, डोळे मिटून ऐकले. बिनवायरचा गोड आहे म्हणाली, पण त्याचा आवाज सगळीकडून येतो. आवाज कुठून येतोय ते कळलं पाहिजे.

"काकूंचा कान तयार आहे," सेल्समन म्हणाला. रंग कोणता देऊ, असं त्याने विचारलं. यांना विचारा, असं ती म्हणाली.

बाबांनी वायरचे दोन स्पीकर बांधायला सांगितले. वर तीस मीटर सुटी वायर मागितली.

"काका, हॉल केवढा आहे?"

"बारा बाय दहा."

"मग बॉक्समधलीच पुरेल."

"तीस द्या."

लेकीने हात टेकले. पण अट घातली. पुढच्या रविवारी ती येणार, घरभर फिरणार. जमिनीवर वीतभर वायर दिसली तरी त्याच दिवशी आईची बॅग भरायची.

"कबूल," बाबा म्हणाले. आईने त्यांच्या कोपराला धरलं आणि दोघं पायऱ्या उतरले.

दुकानातून फिटर आला, त्याला बाबांनी दारातूनच परत पाठवलं. चार दिवस ते स्टुलावर बसून वायर ठोकत होते. गुडघा दुखायचा तेव्हा उभ्याने ठोकत. एक क्लिप जरा सैल वाटली म्हणून त्यांनी पॅसेजची अख्खी भिंत पुन्हा केली. शेजारचा म्हणाला, एवढ्यात अख्ख्या इमारतीचं वायरिंग झालं असतं. बाबांनी त्याला हातोडी धरायला लावली.

रविवारी आईने दारात लेकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. बारीक झालीस, म्हणाली. लेकीने चपला काढल्या आणि थेट तपासणीला लागली. बेडरूमच्या दारापासून वायर निघाली होती. पॅसेजमधून बाथरूमवरून, मग स्वयंपाकघरावरून ती हॉलमध्ये पोचत होती. जमिनीवर काही नव्हतं. वायर कमरेच्या उंचीवर होती, तारेसारखी ताणलेली.

"कपडे वाळत घालायचेत का?" जावयाने विचारलं.

खाली ओल येते, वर हात पोचत नाही, असं बाबा म्हणाले. बाथरूमपाशी वायरवर टेपचा एक वेढा होता, स्वयंपाकघरापाशी दोन, हॉलच्या तोंडाशी तीन. हे काय, असं लेकीने विचारलं.

"थिएटरची सवय. अंधारात कुठे काय आहे ते बोटांना कळलं पाहिजे."

जावयाने खुर्ची खिडकीपाशी ओढली. बाबांनी त्याला उठवून ती होती तिथे नेऊन ठेवली. जिथली वस्तू तिथे, म्हणाले. जावई बायकोकडे पाहून डोळे फिरवत पुन्हा बसला. आईने सगळ्यांसाठी चहा टाकला. हॉलमध्ये गाणं सुरू होतं. थोड्या वेळाने जावयाला फोन आला, तो उठून बाल्कनीत गेला.

"जिंकलात, बाबा," लेक म्हणाली. "मागच्या खोलीत आता मी पुस्तकं ठेवते."

बाबा सकाळपासून पहिल्यांदाच खाली टेकले.

गाण्याचा आवाज कमी करायला लेक स्पीकर ठेवलेल्या कपाटाशी गेली. जोडणी कशी केलीय ते पाहायला मागे वाकली. दोन्ही स्पीकरना बॉक्समधल्या हातभर वायरी होत्या. त्या नीट जोडलेल्या होत्या. तीस मीटरची वायर भिंतीवरून कपाटाच्या कडेपर्यंत आली होती आणि तिथेच संपली होती. टोकाला टेप गुंडाळलेली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती.

विचारायला ती वळली. बाबा उभे राहिले होते. ते तिच्याकडे पाहत नव्हते, पॅसेजकडे पाहत होते.

आई चहाचा कप घेऊन येत होती. उजव्या हातात कप, डाव्या हाताची बोटं वायरवर. टेपच्या तीन वेढ्यांपाशी ती थांबली. वायर सोडली. मोजून चार पावलं टाकली आणि लेकीच्या अगदी समोर, तिच्याकडे न वळता, थांबली.

"घ्या, जावईबापू," आई हसून म्हणाली आणि रिकाम्या खुर्चीपुढे कप धरून उभी राहिली.