उजवं पान

डाव्या पानावर इंग्रजी गोष्ट, उजव्यावर तीच स्पॅनिशमध्ये. लेक पोटात असताना दोघं तिला ते पुस्तक वाचून दाखवायचे; डावं पान त्याचं, उजवं बायकोचं. बाळंतपणात बायको गेली. त्याला स्पॅनिशचं अक्षरही येत नाही, पण अजूनही उजवं पान आलं की तो तेवढा वेळ नुसता गप्प बसतो. का, ते त्याने लेकीला कधी सांगितलं नाही.

आज मात्र त्याने मन घट्ट केलं. असं किती दिवस कुढत बसायचं? डावं पान संपलं तसा तो लगेच पान उलटायला गेला.

पाच वर्षांच्या लेकीने चटकन त्याचा हात धरला.



“कसली घाई रे तुला, बाबा! आईचं वाचून होऊ दे की.”