लावणीची रांग

माझ्या सासऱ्यांना विसरण्याचा आजार आहे. त्यांना चित्र जुळवायला द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून माझ्या नवऱ्यानं, सुदामनं, आमच्याच शेतातल्या भातलावणीचा जुना फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून त्याचे वीस तुकडे केले.

फोटोत सहा बाया ओणव्या आहेत. आमच्या धसईकडे बांधाला लागेपर्यंत रांगेतली बाई मान वर करत नाही, त्यामुळे तोंड कुणाचंच दिसत नाही.

सोमवारी बाबांनी चित्र जुळवलं, तर तिसऱ्या बाईनं मान वर केली होती. ती माझी वारलेली सासू होती, हिराबाई.

"दमली गो ती," बाबा म्हणाले.

"आधीपासून तशीच असंल," सुदाम म्हणाला.

मंगळवारी ती कंबर सरळ करून उभी होती. बुधवारी बांधावर बसली होती.

आज दुपारी बाबांनी शेवटचा तुकडा बसवला. बांधावर कुणी नव्हतं. रांगेतली तिसरी जागा मोकळी होती आणि चिखलात रोपांची मूठ तेवढी पडली होती.

गेलं वर्षभर बाबा मला रोज विचारतात, "बाय, तू कुणाची?" आज त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"सोनाली," ते म्हणाले, "रांग तुटली गो. पदर खोच नि उतर."