चुन्याला काय म्हणतात

फोनच्या पडद्यावरून मुलाखत घेणाऱ्या बाईंनी एक पांढरा खडा वर धरला आणि पोर्तुगीजमध्ये विचारलं, हे काय? गवंडी गप्प.

परदेशात जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम होतं. जागा एकच. सामानाची नावं त्यांच्या भाषेत यायला हवीत, अशी अट होती. बायकोने उन्हाळाभर पुस्तक समोर ठेवून त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. चुना, खडू, प्लॅस्टर, सगळे एकाच कॅल्शियमचे भाऊबंद. कॅल्शियम म्हणजे काल्सियु, खडू म्हणजे जीझ, प्लॅस्टर म्हणजे जेसु. चुना म्हणजे काल. "कालचा चुना आज कसा चालेल?" असं म्हणून तो हसायचा.

आता बाईंनी खडू दाखवला. त्याने मान खाली घातली.

दाराशी उभ्या बायकोला राहवेना. "काल," ती पुटपुटली. "जीझ."

"कोण आहे?" बाईंच्या शेजारी बसलेल्या दुभाष्याने विचारलं.

"बायको. कामावर चुना-वाळूचा माल तीच कालवते," गवंडी म्हणाला. "तिच्या माहेरचाच धंदा आहे हा. तिलाच विचारा ना." तो उठला आणि त्याने तिला खुर्चीवर बसवलं.

चुना किती भिजू द्यायचा, ओल धरलेल्या भिंतीला काय लावायचं, बाई विचारत गेल्या. ती आधी चाचरली, मग सुटली. अडलं तिथे आपल्या भाषेत बोलली, दुभाष्याने सांभाळून घेतलं. शेवटी बाई हसल्या. जागा तिला मिळाली.

नवऱ्याच्या हातचं काम आपण हिसकावलं, असं तिला संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं. नकार कळवायचा, असं ठरवून ती त्याला सांगायला अंगणाकडे निघाली. तिथे लेक पुस्तक उघडून बापाची परीक्षा घेत होती.

"बाबा, प्लॅस्टर?"

"जेसु."

"खडू?"

"जीझ."

"चुना?"

"काल."

बायको उंबऱ्यातच थबकली. "अहो, सगळं येतंय की. मग सकाळी मूग गिळून का बसलात?"

त्याने लेकीला आत पाठवलं. मग उजवा हात पुढे केला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यातच थांबली.

"थापी धरवत नाही आता. पण तुला जा म्हटलं असतं, तर गेली असतीस?"