सहावा सोमवार

उज्वलाताई ओट्यावर चढल्या तेव्हा गुरुपादप्पा काच कापत बसला होता. हिऱ्याच्या कटरनं रेघ ओढली, दोन्ही अंगठे दाबले, कट्ट! काचेचे सरळ दोन भाग. असा हात अख्ख्या कंधारात दुसऱ्याचा नव्हता.

"या मॅडम, बसा. नीला, पानी आन गं."

उज्वलाताई दर सोमवारी नांदेडहून यायच्या. बिघडू पाहणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन बसायची एक सरकारी योजना होती. योजनेचं नाव लांबलचक, काम मात्र साधं: बसायचं, बोलायचं, वहीत लिहायचं. सलग सहा सोमवार तक्रार आली नाही की फाईल बंद. आज सहावा सोमवार होता.

गुरुपादप्पाच्या अंजूनं शाळेच्या खिडकीची काच फोडली होती. अकरा वर्षांची पोर. त्या दिवशी बाप पिऊन शाळेत आला आणि सगळ्या वर्गांसमोर अंगणात आडवा झाला. हसणाऱ्या पोरांवर तिनं दगड भिरकावला, तो खिडकीला लागला. तेव्हापासून उज्वलाताई यायला लागल्या आणि गुरुपादप्पाची बाटली सुटली. दोस्त बोलवायला आले की तो म्हणायचा, "मॅडम येतेत आमच्याकडं." दोस्त गुमान परत जायचे.

या घरात उज्वलाताईंना पेंग यायची. भिंतीला टेकवलेल्या काचांमध्ये अंगणातला लिंब हलत असायचा, एकाच वेळी सात-आठ लिंब. छतावर उजेडाचे तुकडे तरंगत राहायचे. आत त्याची बायको नीलाबाई भाकरी थापायची, अंजू पायाशी बसून चित्र काढायची, आणि गुरुपादप्पा कपाळावर विभूती लावून हळू आवाजात काहीबाही गुणगुणायचा. या घरात कधी कुणी ओरडलं असेल, हे खरंच वाटायचं नाही. फाईल बंद झाली की हे सगळं सुटणार, याचं त्यांना चक्क वाईट वाटत होतं.

"ही कुणाची काच?" त्यांनी सहज विचारलं.

"गिऱ्हाइकाची हाय," तो मान खालीच ठेवून म्हणाला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हेडमास्तर बोलत होते. काल रविवारी कुणीतरी शाळेची काच फोडली. कुणीतरी कसलं, अंजूनंच.

दोनदा असंच झालं होतं. फाईल बंद व्हायची वेळ आली की काच फुटायची. दोन्ही वेळा अंजूनं मान डोलावली होती. पोरीला आपला लळा लागलाय, असंच उज्वलाताईंनी धरलं होतं. मनातून सुखावल्याही होत्या. आज त्याची लाज वाटली.

"अंजू, काल शाळेकडं गेली होतीस?"

अंजूनं बापाकडं पाहिलं. मग चित्राकडं. "हाव. मीच फोडली."

"ही काच तयार हाय," गुरुपादप्पा घाईनं म्हणाला. "आत्ता बसवून येतो. लेकरू हाय, मॅडम. अजून सहा सोमवार या. भाकरी खाऊन जात जावा."

नीलाबाई दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ तसंच.

उज्वलाताईंनी पिशवीतून योजनेच्या कचेरीचं पत्र काढलं. ते गेल्याच आठवड्यात आलं होतं. दाखवायची वेळ येणार नाही, असं वाटून त्यांनी दडवून ठेवलं होतं.

"आता सहा सोमवार नाहीत, गुरुपादप्पा. चौथी तक्रार झाली. नियम बदललाय. अंजूला लातूरच्या बालगृहात ठेवायचं. निदान वर्षभर."

नीलाबाईनं पुढं होऊन पिठाच्या हातानं अंजूला जवळ ओढलं. "माय गं! एकुलती एक लेक हाय माझी."

"आणि तुमी?" गुरुपादप्पानं विचारलं. "तुमी येनार न्हाई?"

"लेकरूच घरात नसल्यावर मी कशाला येऊ?"

अंजू उठली. चित्राचा कागद घडी करून तिनं दप्तरात ठेवला. "मी जाते लातूरला," ती म्हणाली. "बाबाला काई बोलू नका." तिचा आवाज अगदी शांत होता. इतकी गुणी पोर पुन्हा पुन्हा काच का फोडत असावी, उज्वलाताईंना काही केल्या कळेना.

त्यांनी वही उघडली. अंजूचं नाव लिहिलं. पुढं 'कबूल' लिहिणार, तोच गुरुपादप्पानं वहीवर हात ठेवला.

"खोडा ते. पहिली काच तिची, बाकीच्या तिन्ही म्या फोडल्या. तुमी यायच्या बंद झाल्या की मी पुन्हा पिनार, मॅडम."