आगीची खोटी वर्दी

"धूर नेमका कुठं दिसला, ते सांग," हिंदुराव पाटलांनी चावडीच्या ओट्यावरून विचारलं.

"गवताच्या गंजीवर दिसल्यासारखं वाटलं," पायरीखाली उभा असलेला धोंडी म्हणाला.

"वाटलं? अरे, वाटलं म्हणून कुणी रूळ वाजवतं?"

पंच हसले. धोंडीने मान खाली घातली. त्याच्या छातीवरचा पितळी बिल्ला उन्हात चमकत होता आणि आज तो जाणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आगीच्या वर्दीचा नियम हे हिंदुरावांचं लाडकं अपत्य. ते अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होते. तिथला आगीचा भोंगा त्यांनी ऐकला आणि गेल्या वर्षी शिमग्यात गावातली घरं जळाली तेव्हा त्यांनी ठरवलं, कारखान्याला भोंगा, तर आपल्या गावाला रूळ. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा वडाला टांगला गेला. बिल्लेवाल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. ठोका पडला की प्रत्येक घरातून एकाने बादली घेऊन पंचायतीच्या विहिरीवर धावायचं आणि पाणी काढायचं. सबब चालणार नाही. खोटी वर्दी दिली तर बिल्ला काढून घ्यायचा. बादल्यासुद्धा त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून आणवल्या, घरटी एक, सगळ्या लाल, सगळ्या सारख्या. हे सगळं त्यांनी बदलापूरच्या बाजारात इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते दिसले की ओळखीचे लोक रस्ता बदलायचे.

गावात दवंडी देणं धोंडीच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या होतंच. त्याचा बाप हे काम काठी टेकत, वाकून करायचा. बिल्ला मिळाला आणि धोंडी ताठ चालायला लागला. त्याची बायको चंद्री रोज चिंचेने घासून तो बिल्ला लखलखीत ठेवायची. खालच्या आळीत सरकारी वाटावी अशी दुसरी वस्तू नव्हती.

आणि काल भर दुपारी रूळ वाजला. चैत्राचं ऊन, जेवणं नुकतीच झालेली. सगळं गाव बादल्या घेऊन विहिरीवर पळालं. हिंदुरावांची आई कौसाबाईसुद्धा पदर खोचून धावली. चारी रहाटांवर एकच झुंबड उडाली. बादल्या भरल्या, या हातातून त्या हातात गेल्या, आणि मग कुणीतरी विचारलं, "आग कुठाय?"

आग कुठेच नव्हती. आधी शिव्या झाल्या, मग हसणं झालं. कुठली बादली कुणाची ते ओळखायला आता काही मार्ग नव्हता. चैत्रात भरलेलं पाणी काय ओतून द्यायचं? हाताला लागली ती भरलेली बादली उचलून जो तो घरी गेला. संध्याकाळी त्याच पाण्यावर घरोघर भात शिजला. एक खेप वाचली म्हणून कौसाबाई खूशच होती.

"धोंडी चुकला," हिंदुराव आता उठून उभे राहिले. "पण गाव चुकलं नाही! एक घर मागं राहिलं नाही. खालची आळी पार ओढ्यापलीकडं, तरी त्यांच्या बादल्या सगळ्यांच्या आधी विहिरीवर! कारखान्यातसुद्धा एवढी शिस्त नाही. मला अभिमान वाटतो."

सदू पंच काहीतरी बोलायला गेला, पण हिंदुराव रंगात आले होते. त्यांनी हातानेच त्याला गप्प केलं.

"पाटील, या वेळी माफ करा त्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

हिंदुराव घुटमळले. धोंडी त्यांना आवडायचा.

"माझ्यापायी नियम नका मोडू," धोंडीच म्हणाला. "येवढंच सांगा. काल गाव धावलं, पानी काढलं, ते बरोबर झालं ना?"

"बरोबर म्हणजे? सोळा आणे बरोबर! नियमाप्रमाणे झालं. सगळ्या पंचांच्या वतीने सांगतो."

धोंडीने बिल्ला काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पायरीवर ठेवला. हिंदुरावांना भरून आलं. असा नियमाला मान देणारा माणूस आपल्या गावात आहे, याचाही त्यांना अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. तेवढ्यात चंद्री आली. तिच्यामागे खालच्या आळीतल्या सगळ्या बायका, कळश्या घेऊन. रोज त्या विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. वरच्या आळीतली कुणी वरून पाणी घालील तेवढं घ्यायचं, नाहीतर ओढ्यातला खड्डा उपसायचा. आज चंद्री सरळ काठावर चढली आणि तिने रहाटाला दोर लावला.

"चंद्रे, खाली उतर!" कौसाबाई किंचाळली. "विहीर बाटवतेस काय?"

"परवाच काढलं की आमी हितनं पानी, आजी. तुमच्या देखत. तुमच्या घरात गेली ती बादली तुमची का माझी, सांगता येतंय? भात तर ग्वाड लागला ना?"

कौसाबाईचा हात तोंडावर गेला. बाकीच्या बायका आपापल्या हंड्यांकडे बघत राहिल्या.

आरडाओरडा ऐकून हिंदुराव धावत आले. विहिरीजवळ धोंडी उभा होता. छातीवर बिल्ला नव्हता, तरी छाती तशीच ताठ होती.

"अगं, ती गोष्ट वेगळी," हिंदुराव चंद्रीला म्हणाले. "तेव्हा आगीचा ठोका पडला होता. तुम्ही घाईत धावलात..."

"घाईत कुठलं, पाटील?" भरलेली कळशी वर ओढत चंद्री म्हणाली. "आमी तर बादल्या घेऊन सकाळधरनं दारात बसलो व्हतो, ठोका कधी पडतो म्हणून."